राइट ऑफ झालंय… माफ नाही झालं!

पाच वर्षांपूर्वी थकलेलं ते कर्ज… बँकेनं म्हणे खात्यावर फुली मारली. फोन बंद, पत्रं बंद, टेन्शन बंद! पण मग आज तुमच्या होम लोनची फाइल का अडकलीय? सोलापूरच्या एका घरातली, म्हणजे आमच्याच घरातली ही गोष्ट.

पप्पांचा फोन येतो तो रविवारी सकाळी. जेवलास का, गॅस संपला का, सोलापूरला कधी येतोस, एवढं विचारून चार मिनिटांत बंद. २०२५च्या ऑगस्टमध्ये मात्र तो मंगळवारी दुपारी आला. मी पुण्यात एका क्लायंटसमोर लॅपटॉप उघडून बसलेलो. कट केला. परत आला.

"तुझं ते कॉलेजचं कर्ज होतं बघ… ते मिटलंय ना रे?"

"हो… म्हणजे, राइट ऑफ झालंय. का?"

"काही नाही. बँकेतले साहेब विचारत होते."

आमच्या घरात 'काही नाही' म्हणजे नक्की काहीतरी असतं. आईला फोन केला तेव्हा कळलं. अक्कलकोट रोडच्या बाजूला पप्पांचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. चार जुने यंत्रमाग. त्यातले दोन बदलून नवे घ्यायचे म्हणून त्यांनी आठ लाखांच्या कर्जाचा अर्ज केला होता. कागद झाले, साहेब येऊन शेड बघून गेले, चहा झाला. आणि मग नकार. कारण? पप्पांच्या सिबिल रिपोर्टमध्ये एक जुनं खातं होतं. शैक्षणिक कर्ज. शेरा : 'रिटन ऑफ'.

कर्ज माझं होतं. सहकर्जदार म्हणून सही पप्पांची होती.

त्या शनिवारी संध्याकाळी हुतात्मा एक्सप्रेस पकडली. एरवी या गाडीत निम्मी हिंजवडी भेटते आणि गप्पांत सोलापूर कधी येतं कळत नाही. त्या दिवशी कुर्डुवाडी गेली तरी मी खिडकीबाहेरच बघत होतो.

सुटलास बे!

तर फ्लॅशबॅक. २०१५. बारावी झाली आणि मला मास कम्युनिकेशनच करायचं होतं, तेही पुण्यातच. एका बँकेनं २ लाख ८० हजार दिले. रक्कम चार लाखांच्या आत, त्यामुळे काही तारण नाही. फक्त पालकाची सही. २०१८ मध्ये डिग्री हातात आली, वर्षभराची सवलत संपली आणि २०१९च्या जुलैपासून हप्ता सुरू झाला. तोवरचं व्याज मुद्दलात मिळून रक्कम साडेतीन लाखांच्या वर गेलेली. महिन्याला सहा हजारांच्या पुढे हप्ता. पगार सोळा हजार. आठ हप्ते भरले, कसे ते विचारू नका.

मग आला २०२०चा मार्च. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्टपर्यंत हप्ते पुढे ढकलायची मुभा दिली, ती घेतली. सप्टेंबरमध्ये मुभा संपली. माझी नोकरी मात्र मे महिन्यातच संपली होती. पप्पांचे मागही बंद. सुरुवातीला फोन यायचे, मी उचलायचो. मग उचलणं बंद केलं. मग नंबरच बदलला. (हो, मी तेही केलंय.)

२०२३ मध्ये कोणाकडून तरी कळलं की माझं खातं 'राइट ऑफला टाकलंय'. मित्रांना सांगितलं तर एकानं पाठीत धपाटा घातला, "सुटलास बे!" आणि आम्ही चक्क पार्टी केली. बिल मीच दिलं.

आता वाटतं, त्या रात्री एकानं जरी विचारलं असतं, "पण राइट ऑफ म्हणजे काय रे?"

म्हणजे काय रे भाऊ?

सोपं करून सांगतो. समजा, तुम्ही रूममेटला पाच हजार उसने दिलेत. वर्ष झालं, तो देत नाही. एक दिवस तुम्ही ठरवता की या पैशांवर अवलंबून महिन्याचं बजेट करायचं नाही. वहीतून ती रक्कम काढून टाकता. पण उद्या तोच पठ्ठ्या नवा फोन घेऊन टपरीवर भेटला तर तुम्ही पैसे मागणार की नाही? मागणारच!

बँक हेच करते, फक्त नियमात बसवून. हप्ता ९० दिवसांपेक्षा जास्त थकला की खातं 'एनपीए', म्हणजे अनुत्पादक ठरतं. मग बँकेला आपल्या नफ्यातून त्या कर्जापोटी रक्कम बाजूला ठेवावी लागते, दिवस जातील तशी अधिकाधिक. शेवटी पूर्ण तरतूद झाली की ते कर्ज ताळेबंदातून काढून टाकतात. ताळेबंद स्वच्छ दिसतो, कराच्या हिशेबात फायदा होतो. बँकेच्या मराठीत याला 'निर्लेखन' म्हणतात. कर्जदाराची जबाबदारी जिथल्या तिथे असते. वसुली चालूच राहू शकते, दावा होऊ शकतो, किंवा ते कर्ज एखाद्या मालमत्ता पुनर्रचना कंपनीला विकलंही जाऊ शकतं. मग एक दिवस तुम्ही ज्या कंपनीचं नावही ऐकलेलं नाही तिचं पत्र येतं.

हा प्रकार किती मोठा आहे? २०१४-१५ ते २०२३-२४ या दहा वर्षांत बँकांनी सुमारे १६.३५ लाख कोटी रुपयांची कर्जं राइट ऑफ केल्याचं केंद्रीय अर्थमंत्र्यांनी मार्च २०२५ मध्ये संसदेत सांगितलं. यातून कर्जदाराची देणी माफ होत नाहीत, हेही सरकार संसदेत वारंवार सांगत आलंय. आपण आकडा ऐकतो, पुढचं वाक्य ऐकत नाही.

आणि आपली गफलत का होते तेही उघड आहे. आपल्याकडे 'कर्ज गेलं' म्हटलं की डोळ्यांसमोर येते कर्जमाफी. २००८ची केंद्राची, २०१७ची राज्याची, मग डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झालेली दोन लाखांपर्यंतची. त्या सरकारी योजना होत्या. तिथे शेतकऱ्याच्या वतीनं सरकार बँकेचे पैसे भरतं आणि तेवढं देणं खरोखर संपतं. राइट ऑफमध्ये तुमच्या वतीनं कोणीच काही भरलेलं नसतं. माफी आणि निर्लेखन या दोन शब्दांमध्ये आमच्या घराचे आठ लाख अडकले होते.

कपाटातली पिशवी

घरी पोचलो. जेवणं झाली. शेंगा चटणी, कडक भाकरी, सगळं नेहमीचं. कोणी विषयच काढेना. शेवटी मीच म्हणालो, "पप्पा, कागद कुठे आहेत?"

ते उठले, लोखंडी कपाट उघडलं आणि साड्यांच्या खालून एक प्लास्टिकची पिशवी काढली. आत बँकेची अकरा पत्रं. सगळी सोलापूरच्या पत्त्यावर आलेली. सगळी नीट फोडलेली, वाचलेली, घडी घालून ठेवलेली.

"सांगितलं का नाही?"

"तू तिकडं एकटा. उगाच टेन्शन कशाला म्हटलं."

मी पुण्यात पार्टी करत होतो आणि इकडे हा माणूस पत्रं साडीखाली ठेवत होता.

त्या अकरांत दोन कागद महत्त्वाचे निघाले. पहिला, जानेवारी २०२२ची नोटीस : हप्ते थकल्यामुळे संपूर्ण कर्ज एकरकमी परत मागत आहोत. दुसरा, डिसेंबर २०२२चा एक छापील फॉर्म. त्यावर थकीत रकमेचा आकडा, 'वरील रक्कम मला मान्य आहे' अशी ओळ आणि खाली पप्पांची सही. बँकेतला एक जण घरी आला होता. म्हणाला, 'काका, काही नाही, फक्त बॅलन्सची खात्री.' पप्पांनी सही केली. पाहुण्याला चहा पाजूनच पाठवला.

दुसऱ्या दिवशी शाळेतल्या एका मैत्रिणीला गाठलं. ती सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात वकिली करते. तिनं पहिला प्रश्न हाच विचारला, "सही कोणी कोणी केलीय? आणि कधी?"

तीन वर्षांचं गणित

इथून पुढचा भाग नीट वाचा, कारण ऑफिसच्या कँटीनमध्ये याबद्दल सर्वात जास्त थापा ऐकू येतात.

'तीन वर्षं झाली की कर्ज संपतं' हे अर्धं खरं आहे. मुदत कायदा, १९६३ प्रमाणे विनातारण कर्जाच्या वसुलीचा दावा साधारण तीन वर्षांत लावावा लागतो. घर गहाण असेल तर गहाणावरच्या वसुलीसाठी बारा वर्षं. मुदत उलटली की कोर्टाचा दरवाजा बंद होतो. पण देणं पुसलं जात नाही. हक्क राहतो, तो कोर्टातून वसूल करण्याचा मार्ग जातो. क्रेडिट रिपोर्टमधला शेराही त्यानं निघत नाही.

दुसरं, ही तीन वर्षं पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ शकतात. मुदत संपायच्या आत तुम्ही देणं लेखी, सहीनिशी मान्य केलं तर त्या तारखेपासून नवीन तीन वर्षं. मुदतीच्या आत थोडे पैसे भरले आणि त्याची तुमच्या अक्षरात किंवा सहीनं नोंद असली तरी तेच. आणि मुदत संपल्यावरही 'मी हे जुनं कर्ज फेडीन' असं लिहून सही दिलीत, तर भारतीय करार कायदा, १८७२च्या कलम २५ प्रमाणे ते वचन बंधनकारक ठरतं. आता कळलं, फोनवरचा माणूस गोड आवाजात 'सर, फक्त पाच हजार टोकन भरा आणि हे फॉर्म साइन करा' असं का म्हणतो?

तिसरं, कोविड. १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ सर्वोच्च न्यायालयानं मुदतीच्या मोजणीतून वगळलाय. त्यामुळे त्या काळातल्या थकबाकीचं गणित बोटांवर करू नका.

गंमत म्हणजे तीन वर्षं आणि सही हा खेळ सोलापूरला नवा नाही. इंग्रजांच्या १८५९च्या मुदत कायद्यात कर्जरोख्यांसाठी तीन वर्षांचीच मर्यादा आली. हेतू चांगला होता, व्याज अनेक वर्षं साचत जाऊ नये. सावकारांनी तोडगा काढला. दर तीन वर्षांनी थकलेलं व्याज मुद्दलात मिळवायचं आणि कुणब्याकडून नवीन खतावर अंगठा घ्यायचा. संताप इतका साचला की मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात दंगा पेटला, तो नगरपर्यंत पसरला, आणि लोकांनी सावकारांची खतं जाळली. त्यानंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी खास कायदा आला. तो लागू झाला चार जिल्ह्यांना : पुणे, नगर, सातारा आणि आपलं सोलापूर. त्या कायद्यानं कोर्टाला खतावरच्या आकड्याच्या मागे जाऊन मूळ हिशेब तपासायचा अधिकार दिला.

थोडक्यात, आधी हिशेब दाखवा, मग सहीचं बघू. आमच्या घरी नेमकं उलटं झालं होतं.

मी सुटतो, पप्पा अडकतात

मैत्रिणीनं सगळे कागद वाचले, पेन बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "ऐक. पूर्ण कर्ज परत मागितलं जानेवारी २०२२ मध्ये. कोविडचा काळ वगळून १ मार्च २०२२पासून तीन वर्षं धरली तर फेब्रुवारी २०२५ मध्ये मुदत संपली. बँकेनं दावा लावलेला नाही. तू कुठे सही केलेली नाहीस. म्हणजे तुझ्यापुरता मुदतीचा मुद्दा मांडता येतो."

मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू.

"पण काकांनी डिसेंबर २०२२ मध्ये सही केलीय. त्यांची तीन वर्षं तिथून नव्यानं सुरू झाली. ती डिसेंबर २०२५ला संपतात. आणि एका सहकर्जदाराची सही तेवढ्यावरून दुसऱ्याला बांधत नाही, असं कायदा सांगतो. म्हणजे तू कदाचित सुटशील. काका नाही. बँक दावा लावेल तो त्यांच्यावर."

शिकलो मी. पुण्यात राहिलो मी. नंबर बदलला मी. आणि कोर्टाची पायरी चढणार ते.

कोर्टाबाहेर येऊन चहा घेतला. पप्पा बराच वेळ कपाकडे बघत होते. मग म्हणाले, "तिनं सांगितलं त्यात तुझं बरं आहे बघ. तू बाहेर राहा यातून." हे ते मनापासून बोलत होते, टोमणा नव्हता. टोमणा असता तर सोपं गेलं असतं.

मी म्हणालो, "भरू या."

समोर बसल्यावर

शाखेत जाताना पोटात गोळा आला होता. पाच वर्षं ज्यांचे फोन टाळले त्यांच्याच समोर खुर्ची ओढून बसायचं! पण समोरचे साहेब आमच्याच वयाचे होते आणि चक्क नीट बोलले. मैत्रिणीनं बजावलं होतं त्याप्रमाणे आम्ही काहीही मान्य करायच्या आधी तीन गोष्टी लेखी मागितल्या : खात्याचा पूर्ण उतारा, व्याज आणि दंडाचा वेगवेगळा हिशेब, आणि खातं अजून बँकेकडेच आहे की विकलंय याचा खुलासा.

खातं बँकेकडेच होतं. मागणी निघाली ५ लाख ८७ हजारांची. मुद्दलावर व्याज, त्यावर दंड, त्यावर आणखी काही. मग घासाघीस सुरू झाली. आमच्या बाजूनं एक गोष्ट होती. घड्याळ फक्त आमच्याच हातात नव्हतं. डिसेंबरच्या आत काही झालं नाही तर बँकेला दावा लावावा लागणार होता, आणि दावा म्हणजे त्यांनाही खर्च आणि वर्षं. चार फेऱ्यांनंतर ३ लाख ९० हजारांवर गाडी थांबली. सप्टेंबरच्या लोक अदालतीत हे प्रकरण दावा लावण्याआधीच ठेवलं गेलं. तिथे कोर्ट फी नाही, जबरदस्ती नाही. तडजोड पटली नाही तर उठून येता येतं. पण एकदा निवाडा झाला की तो कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकाच पक्का, त्यावर अपील नाही. म्हणून झेपेल तेवढंच कबूल करायचं. आम्ही तीन हप्ते मागून घेतले.

पैसे? माझी बचत १ लाख ७० हजार. कॅमेरा विकला, ८५ हजार आले. (त्या रात्री जरा रडू आलं, सांगून टाकतो.) पप्पांनी पन्नास दिले. उरलेले लग्नांचे व्हिडिओ एडिट करून. दिवाळीनंतरच्या सीझनमध्ये किती मंगलाष्टकं ऐकली याचा हिशेब नाही.

आणि हो, एक कटू सत्य. पूर्ण रक्कम भरली असती तर रिपोर्टमध्ये खातं बंद झाल्याची स्वच्छ नोंद झाली असती. आम्ही कमी रकमेत मिटवलं, म्हणून शेरा आला 'राइट ऑफनंतर सेटल्ड'. तो 'रिटन ऑफ'पेक्षा बरा, पण नव्या बँकेला तो दिसतोच. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या जून २०२३च्या नियमांप्रमाणे अशा तडजोडीनंतर शेतीबाहेरच्या कर्जदाराला नवं कर्ज देण्याआधी किमान बारा महिने थांबावं लागतं. ज्याला शक्य आहे त्यानं पूर्ण भरावं. आम्हाला शक्य नव्हतं.

पतसंस्थेचं असेल तर?

सोलापुरात हा प्रश्न हमखास येणार, कारण इथे निम्म्या घरांत कोणीतरी पतसंस्थेच्या किंवा नागरी बँकेच्या कर्जाला जामीन असतोच. इथे तीन वर्षांच्या भरवशावर तर मुळीच राहू नका. महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा, १९६०च्या कलम ९२ प्रमाणे सभासदाकडच्या येण्याच्या वादात मुदत मोजतात ती सभासदाच्या मृत्यूपासून किंवा सभासदत्व संपल्यापासून. आणि कलम १०१ प्रमाणे संस्थेला दिवाणी दावा न लावताच निबंधकांकडून वसुली दाखला मिळू शकतो. त्यावर जप्तीही येते.

'बँकच बंद पडली, आता कोण मागणार?' हाही गैरसमज. सोलापूरच्या लक्ष्मी सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०२२ मध्ये रद्द केला आणि बँक गुंडाळण्यासाठी अवसायक नेमण्याची विनंती सहकार आयुक्तांना केली. अवसायकाचं कामच येणी गोळा करून देणी भागवणं हे असतं. बँकेची पाटी उतरते, तुमचं कर्ज उतरत नाही.

आजच करा!

• रिपोर्ट काढा. देशात चार क्रेडिट माहिती कंपन्या आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क. प्रत्येकीकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. ३०० ते ९०० मधला स्कोअर बघून खूश होऊ नका, खाली एकेका खात्यापुढचा शेरा वाचा. पहिल्या नोकरीत घेतलेलं आणि विसरलेलं क्रेडिट कार्ड तिथेच भेटतं.

• चूक असेल तर तक्रार करा. कंपनीनं आणि बँकेनं मिळून ३० दिवसांत निपटारा करायचा असतो. त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई.

• फोनवर काहीही कबूल करू नका. 'लेखी पाठवा' एवढंच म्हणा. मग शाखेत जाऊन खात्री करा. पैसे फक्त कर्जखात्यात, कोणाच्या खासगी यूपीआयवर नाही.

• वसुलीवाल्यांनाही वेळ असते. सकाळी ८च्या आधी आणि संध्याकाळी ७च्या नंतर वसुलीसाठी फोन करायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२चा आदेश आहे. दमदाटी झाली तर आधी बँकेकडे लेखी तक्रार. ३० दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे.

• सहीआधी वकील. परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा १५१०० वर फोन करा.

• बेबाकी दाखला घ्या. शेवटचा रुपया भरल्यावर 'नो ड्यूज' हातात घेतल्याशिवाय उठू नका. दोन महिन्यांनी रिपोर्ट पुन्हा काढून शेरा बदलला का ते बघा. घराचे कागद तारण असतील तर पूर्ण फेडीनंतर ते ३० दिवसांत परत मिळायला हवेत, नाहीतर दिवसाला ५,००० रुपये भरपाईचा नियम आहे.

• आणि घरच्यांना विचारा. तुमच्या सहीखाली दुसरी सही कोणाची आहे? सहकर्जदार असो की जामीनदार, कायद्यानं देणं त्याचंही तेवढंच असतं.

पिशवीतला बारावा कागद

शेवटचा हप्ता डिसेंबरमध्ये भरला. पंधरा दिवसांनी बेबाकी दाखला आला, तोही सोलापूरच्याच पत्त्यावर. मी तिथेच होतो. गड्ड्याच्या जत्रेची तयारी सुरू झाली होती आणि रस्त्यावर मंडपाचे बांबू पडायला लागले होते.

पप्पांनी पत्र उभ्या उभ्या वाचलं. चष्मा काढून परत वाचलं. मग कपाट उघडलं, साड्यांखालची ती पिशवी काढली आणि अकरा पत्रांवर हे बारावं ठेवलं. या वेळी पिशवी साडीखाली गेली नाही. रेशन कार्ड आणि लाइट बिलांच्या फाइलशेजारी, वरच्या कप्प्यात गेली.

"मागाचं काय पप्पा? अजून वर्षभर तरी कोणी कर्ज देणार नाही."

"थांबू की एक वर्ष," ते म्हणाले. "माग कुठं पळून चाललाय होय?"

मग जरा थांबून, "आणि हे बघ, आता फोन उचलत जा. कुणाचाही असू दे."

परतीच्या गाडीत बसलो आणि पाच वर्षांत पहिल्यांदाच एका अनोळखी नंबरवरून आलेला कॉल उचलला. कुरिअरवाला होता!